दोष रस्त्यावरच्या विजेचा नाही, पेटीतल्या चोवीस व्होल्टचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात लाकडी मखरं बनवणाऱ्यांविषयी आपल्या अंकात आलेली बातमी वाचली. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि कोपरी, कळवा, किसननगर या भागांतल्या अनेक मुलांनी राऊटर मशीन (कॉम्प्युटरवरच्या फाईलप्रमाणे लाकूड कापणारं यंत्र) घेऊन एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळ्यांची, मखरं कापायला सुरुवात केली. त्यांची दखल घेतलीत, बरं वाटलं. पण त्याच बातमीत एक विधान आहे की विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून मशीन चुकतं, जॉब, म्हणजे कापलं जाणारं काम, सरकतो आणि एमडीएफच्या शीट वाया जातात. हे विधान असंच फिरत राहिलं तर गरीब मुलांचे पैसे जातील, किंबहुना जात आहेत. म्हणून हे पत्र.

मी वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर २२ च्या सर्कलपासून चालत दहा मिनिटांवर, कंट्रोल पॅनेल वायरिंगचा आणि मशीन दुरुस्तीचा गाळा चालवते. १९८९ साली इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पहिली नोकरी याच वसाहतीत टेस्टिंग विभागात लागली. तेव्हापासून स्टेपर मोटर हाताखालून जाते आहे. राऊटर मशीनचा पूल (कटर ज्यावर बसतो तो आडवा सांगाडा) पुढेमागे आणि कटर डावीउजवीकडे नेतात त्या चौकोनी, जड मोटरी म्हणजे स्टेपर. आत दात असलेला चुंबक, बाहेर तांब्याच्या गुंडाळ्या. गुंडाळ्यांना ठरलेल्या क्रमाने वीज दिली की ती १.८ अंशांची एकेक पायरी चढते, २०० पायऱ्यांचा एक फेरा. आपण पायरी चढलो की नाही हे ती कुणाला सांगत नाही. कंट्रोलर, म्हणजे मशीनला हुकूम देणारा भाग, पायऱ्या मोजत राहतो, मोटर मागे राहिली तरी त्याला पत्ता नसतो. त्यालाच आमच्याकडे मशीन स्टेप खातं म्हणतात.

आषाढात कळव्याचा एक मुलगा आला. चोवीस-पंचवीसचा असेल, वडिलांचं सुतारकामाचं दुकान. जुनं राऊटर मशीन घेतलेलं. मखराच्या दोन बाजूंच्या कमानी एकाच फाईलवरून कापल्या, तरी वर जोडताना तीन मिलिमीटरची फट. १२ मिमीच्या चार शीट फुकट गेल्या होत्या. कुणीतरी सांगितलं, लाईट खराब आहे, म्हणून त्याने साडेसहा हजारांचा स्टॅबिलायझर आणला. फरक पडला नाही. मग दुसऱ्या कुणी सांगितलं, मोटरीला करंट वाढव. ड्रायव्हरवरचे, म्हणजे मोटरीला मोजून वीज देणाऱ्या डब्यावरचे, बारीक स्विच सरकवून त्याने २.८ अँपिअरचे ४.२ केले. मोटरीला हात लावला तर चटका बसू लागला, स्टेप मात्र ती खातच राहिली. हे सांगताना त्याचा आवाज बसला होता. "काकू, सीझन सहा आठवड्यांवर आलाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कळव्याला गेले. सोबत मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा) आणि पेन्सिल. आधी भिंतीतल्या बोर्डावरचा दाब मोजला, २२६ व्होल्ट. दोन तास अधूनमधून बघत राहिले, तो २१५ ते २३८ मध्ये फिरत होता. आणि मशीनच्या विजेच्या पेटीतला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेचे चोवीस व्होल्ट करून देणारा भाग? तो २४.१ वर खिळ्यासारखा घट्ट. एसएमपीएसचं कामच ते. आत येणारी वीज थोडी वरखाली झाली तरी बाहेर जाणारी तो एका पातळीवर धरून ठेवतो. मोटरीला रस्त्यावरच्या खांबाची वीज कधी दिसतच नाही, तिला दिसतात ते पेटीतले चोवीस व्होल्ट. स्टॅबिलायझर काढून ठेवायला सांगितला.

मग करंट परत २.८ वर आणला, मोटरी निवू दिल्या, बेडवर पेन्सिलची रेघ मारली आणि कटर न फिरवता पूल वीस वेळा पुढेमागे धावायला लावला. मिनिटाला २ मीटर वेगाने धावला तेव्हा बरोबर रेघेवर आला. मिनिटाला ६ मीटरने धावला तेव्हा ३.२ मिलिमीटर हुकला. पुन्हा केलं तर १.४. पुन्हा, २.६. मुलाला म्हटलं, आकडे बघ, काही दिसतंय का? प्रत्येक आकडा ०.२ च्या पटीत आहे. स्टेपर घसरते तेव्हा कुठेही घसरत नाही, चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते. चार स्टेप म्हणजे ७.२ अंश आणि त्याच्या स्क्रूची पिच १० मिमी (एका फेऱ्याला पूल तेवढा सरकतो), म्हणजे एका घसरणीला बरोबर ०.२ मिमी. स्क्रू सैल असता, कपलिंग (मोटर आणि स्क्रूचा जोड) सरकत असतं, तर आकडे इतके शिस्तीत आले नसते. शिवाय मशीन लाकूड कापताना चुकत नव्हतं. एका कमानीकडून दुसरीकडे रिकामं धावताना चुकत होतं. हा सगळा धावण्याचा प्रश्न होता.

आता मूळ मुद्दा. त्याच्या मोटरीच्या कागदावर असे आकडे होते: करंट २.८ अँपिअर, गुंडाळीचा रोध ०.९ ओहम, इंडक्टन्स (प्रवाह बदलायला गुंडाळी करते तो अडथळा) २.५ मिलीहेन्री. रोध आणि करंट यांचा गुणाकार केला तर अडीच व्होल्ट येतात. हेच अडीच व्होल्ट काही विक्रेते मोटरीचं व्होल्टेज म्हणून छापतात आणि गिऱ्हाईक घाबरतं, की अडीचची मोटर, चोवीस दिले तेच खूप झाले. त्या आकड्याचा अर्थ इतकाच, की मोटर उभी असताना २.८ अँपिअर टिकवायला अडीच व्होल्ट पुरतात. धावताना गोष्ट वेगळी. गुंडाळीत प्रवाह बटण दाबल्यासारखा येत नाही, चढत चढत येतो. अडीच व्होल्टवर तो पूर्ण चढायला सुमारे १४ मिलिसेकंद लागतात. २४ व्होल्ट ढकलत असतील तर ०.३ मिलिसेकंद, ३६ असतील तर ०.२. ड्रायव्हर चॉपर जातीचा असतो. प्रवाह २.८ ला पोचला की तो वीज तोडतो, कमी झाला की जोडतो, सेकंदाला हजारो वेळा. म्हणून व्होल्टेज जास्त दिलं तरी गुंडाळीतला करंट ठरवलेल्या आकड्याच्या वर जात नाही, फक्त तिथे लवकर पोचतो.

मिनिटाला ६ मीटर, पिच १० मिमी, म्हणजे मोटरीचे मिनिटाला ६०० फेरे, सेकंदाला १०. दोनशे पायऱ्यांनी गुणा, सेकंदाला २००० स्टेप. एका स्टेपला मिळाला अर्धा मिलिसेकंद. तो मुलगा लगेच म्हणाला, मग २४ व्होल्टला ०.३ पुरतोय की! विचारलंस ते बरं झालं, म्हटलं. पिशवीतून एक सुटी मोटर काढली, तिच्या एका गुंडाळीच्या दोन तारांना छोटा एलईडी जोडला आणि दांडा त्याच्या हातात दिला. त्याने फिरवला तसा एलईडी लुकलुकला. फिरणारी स्टेपर स्वतःच वीज तयार करते आणि ती वीज आपण दिलेल्या विजेच्या विरोधात उभी राहते. वेग जितका जास्त तितका विरोध मोठा. समजा ६०० फेऱ्यांना या विरोधाने १२ व्होल्ट खाल्ले. चोवीसमधले उरले बारा, आणि बारा व्होल्टवर प्रवाह चढायला ०.६ मिलिसेकंदाहून जास्त लागतो. पायरी अर्ध्या मिलिसेकंदात संपते. त्यातून गुंडाळीत आधीच्या पायरीचा उलट दिशेचा प्रवाह असेल तर तो आधी उतरवावा लागतो. मोटरीला पुरता प्रवाह मिळतच नाही, तिचा जोर अर्ध्यावर येतो आणि जड पूल तिला मागे ओढतो. छत्तीसमधून बारा गेले तर चोवीस उरतात आणि तेच काम ०.३ मध्ये होतं.

त्याचे वडील शेजारी उभे होते, त्यांना हे आकडे जड गेले. त्यांना मी कळवा स्टेशनचं सांगितलं. दुपारच्या लोकलला सगळे निवांत चढतात, मागून कुणी ढकललं काय, न ढकललं काय. सकाळी आठची गाडी वीस सेकंद थांबते, तेव्हा मागून रेटा नसेल तर निम्मी माणसं फलाटावरच राहतात. रेटा म्हणजे व्होल्टेज, चढलेली माणसं म्हणजे करंट. गाडी जितकी कमी थांबणार तितका रेटा जास्त हवा. ते हसले आणि म्हणाले, "ताई, म्हणजे आमचं मशीन सकाळी आठची गाडी आहे."

करंट वाढवून हे का सुटलं नाही, तेही याच हिशोबात आहे. स्टेपरचा जोर करंटवर ठरतो, हे खरं, आणि म्हणूनच लोक त्या स्विचला हात घालतात. पण ज्या वेगाला २.८ अँपिअरच वेळेत चढत नाहीत, तिथे स्विचवर ४.२ लिहून काय होणार? धावताना काही मिळत नाही. उभं असताना मात्र ४.२ चढतात, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दीडपट करंट म्हणजे सव्वादोनपट उष्णता. लोखंडही एका मर्यादेनंतर चुंबकत्वाने तृप्त होतं, मग वाढीव करंटचा वाढीव जोरसुद्धा पूर्ण मिळत नाही. हे चालू ठेवलं तर गुंडाळीचं इन्सुलेशन जातं आणि आतला चुंबक कायमचा मंदावतो. हात भाजतो म्हणजे मोटर बिघडली, असं मात्र समजू नये. चांगल्या स्टेपरचं अंग ७०-८० अंशांवर गेलं तरी ती मजेत चालते. ड्रायव्हरवर उभं असताना करंट निम्मा करण्याचा वेगळा स्विच असतो, तो चालू ठेवावा. करंट निम्मा, उष्णता पाव. ड्रायव्हरवरच्या तक्त्यात पीक (सर्वांत वरचा) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असे करंटचे दोन रकाने असतात. घाईत चुकीचा रकाना वाचून बसवलेल्या कितीतरी मोटरी मी पाहिल्या आहेत.

आम्ही काय केलं ते एका वाक्यात सांगते: करंट २.८ च ठेवला आणि २४ चा एसएमपीएस काढून ३६ व्होल्ट, ९.७ अँपिअरचा बसवला. स्टॅबिलायझरच्या निम्म्याहून कमी पैशांत. त्याच रेघेवर, त्याच वेगाने, वीस फेऱ्या. पूल रेघेवर आला. मग साठ. तरी रेघेवर. मुलाने माझ्यासमोर दोन्ही कमानी कापल्या आणि जोडल्या, फटीत कागदही गेला नाही.

त्याने विचारलं, मग ४८ का नाही? त्याच्या ड्रायव्हरची मर्यादा ५० व्होल्टची आहे. धावणारा जड पूल झटक्यात थांबवला की मोटर जनित्र होते, एलईडी पेटला तसं, आणि ती वीज उलटी पेटीत येते. तेवढ्यापुरते अठ्ठेचाळीसचे पन्नासच्या वर जातात. काही वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका पॅनेलमध्ये मी स्वतः ४८ लावले होते आणि तिसऱ्या दिवशी दोन ड्रायव्हर गेले. त्या गिऱ्हाइकाचं नुकसान मी भरून दिलं. ही चूक मला अजून बोचते आणि तेव्हापासून ड्रायव्हरच्या मर्यादेखाली मोकळी जागा सोडल्याशिवाय मी एसएमपीएस निवडत नाही. मोटरीच्या बाजूनेही एक मर्यादा आहे. इंडक्टन्सचे मिलीहेन्री घ्या, वर्गमूळ काढा, ३२ ने गुणा, त्याच्या वर व्होल्टेज नेऊ नका, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. २.५ ला तो ५० च्या आसपास येतो. त्याहून वर गेलं तर गुंडाळी सोडून मोटरीचं लोखंड तापायला लागतं आणि हाती फारसं काही लागत नाही.

रबाळ्याच्या एका गाळ्यात वेगळाच प्रकार पाहिला. तिथे स्टेप खाते म्हणून मोठी मोटर बसवली, कागदावर दुप्पटीहून जास्त जोर. मशीन पूर्वीपेक्षा हळू झालं. कागदावरचा जोर हा मोटर उभी असताना दांडा धरून ठेवण्याचा जोर असतो. मोठ्या मोटरीचा इंडक्टन्स मोठा, फिरणारा चुंबकही जड, आणि पेटीत तेच चोवीस व्होल्ट. उभी असताना बैल, धावताना दमेकरी. मालकाने पैसे खर्च करून दुखणं विकत घेतलं होतं.

माझ्या पहिल्या नोकरीत चॉपर ड्रायव्हर महाग होते, म्हणून आम्ही पाच व्होल्ट, एक अँपिअरच्या मोटरीला चोवीस व्होल्ट द्यायचो आणि मध्ये वीस ओहमचा चिनी मातीचा मोठा रेझिस्टर टाकायचो. गुंडाळीचा रोध पाच ओहम, एकूण पंचवीस, करंट जवळजवळ एक अँपिअरच. पण तो चढायचा पाचपट लवकर. त्यासाठी एकेका रेझिस्टरमध्ये अठरा वॉट निव्वळ उष्णता व्हायची, पावसाळ्यात आम्ही बायका त्या पॅनेलजवळ ओले रुमाल वाळवायचो. वीज जाळून वेग मिळवतोय हे तेव्हा हाताला जाणवायचं, म्हणून कुणाला व्होल्टेजचं महत्त्व समजावून सांगावं लागत नसे. आता ड्रायव्हर तळहाताएवढा झाला, हे सगळं त्याच्या पोटात गेलं, आणि नव्या मुलांपर्यंत फक्त "करंट वाढव" एवढंच पोचलं. दोष त्यांचा नाही. त्यांना मशीन विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

एसएमपीएस घेताना उलटीही चूक होते. तीन मोटरी, प्रत्येकी २.८ अँपिअर, दोन-दोन गुंडाळ्या, असं गुणून लोक भलामोठा एसएमपीएस आणतात. कळव्यात मी क्लॅम्प मीटर लावून दाखवलं. मोटरीच्या तारेत २.८ अँपिअर, आणि एसएमपीएसकडून त्या ड्रायव्हरला येणाऱ्या तारेत जेमतेम अर्धा. मुलाला वाटलं मीटर बिघडला. उभ्या मोटरीच्या दोन गुंडाळ्यांत मिळून १४ वॉट खर्च होतात. ३६ व्होल्टवर १४ वॉट म्हणजे ०.४ अँपिअर, वर थोडं ड्रायव्हरचं स्वतःचं. चॉपर ड्रायव्हर जास्त व्होल्ट आणि कमी अँपिअर घेतो आणि मोटरीला कमी व्होल्ट आणि जास्त अँपिअर देतो.

रस्त्यावरच्या विजेचा कधीच संबंध नसतो, असं मी म्हणणार नाही. जुन्या मशीनमध्ये एसएमपीएस नसतो. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि मोठा कपॅसिटर एवढंच असतं. तिथे बाहेरचा दाब दहा टक्के पडला की आतलाही दहा टक्के पडतो आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी मशीन खरंच स्टेप खातं. तिथे दुसरा धोकाही आहे. चोवीस व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर ब्रिजनंतर चोवीस देत नाही, रिकामा असताना ३४ च्या जवळ देतो, त्यावर ३५ च्या मर्यादेचा छोटा ड्रायव्हर जोडला की मोकळी जागाच उरत नाही, तो गेलाच. असं मशीन असेल तर आधी मोजा. पण आज ठाण्यात जी राऊटर मशीनं विकली जात आहेत, त्यांत जवळजवळ सगळीकडे एसएमपीएसच असतो आणि तिथे स्टॅबिलायझर आणणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं आहे.

आणखी एक, कारण दरवर्षी यात दोन-चार ड्रायव्हर मरतात: पेटी चालू असताना मोटरीचा प्लग काढू नका. गुंडाळीतला प्रवाह अचानक तुटला की उसळी मारतो आणि ड्रायव्हर जळतो. आधी मेन बंद, दिवा पूर्ण विझू द्या, मग प्लग.

माझी मागणी विक्रेत्यांकडे आहे. कोटेशनवर ते मोटरीचा उभा जोर मोठ्या अक्षरांत छापतात. त्याखाली एसएमपीएसचे व्होल्ट, ड्रायव्हरची व्होल्टची मर्यादा, गुंडाळीचा इंडक्टन्स, आणि ६०० फेऱ्यांना मोटरीचा जोर किती उरतो, हे चार आकडे छापायला त्यांना कागद कमी पडणार नाही. मोटर बनवणारे जोर आणि वेगाचा आलेख देतात, आणि कोणत्या व्होल्टेजवर तो काढला तेही त्यावर लिहिलेलं असतं. तो आलेख गिऱ्हाइकाच्या हातात जायला हवा. सुताराचा मुलगा कर्ज काढून मशीन घेतो. त्याला २४ चा एसएमपीएस घालून थोडे पैसे वाचवलेलं मशीन ६ मीटरच्या वेगाचं म्हणून विकलं, तर ती फसवणूक आहे, या शब्दावर मी ठाम आहे. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांनाही माझं सांगणं आहे की मल्टिमीटर घेऊन बाहेरच्या बोर्डाआधी पेटीतला एसएमपीएस मोजा, आणि मशीन धावत असताना मोजा, उभं असताना नव्हे. दोन मोटरी एकदम वेग घेताना चोवीसचे एकवीस होत असतील तर तिथेच उत्तर आहे.

आपल्या वार्ताहरांनी पुन्हा या विषयावर लिहायचं ठरवलं तर त्यांनी जरूर माझ्या गाळ्यावर यावं. चोवीसचा आणि छत्तीसचा, दोन्ही एसएमपीएस टेबलावर ठेवून, एकच मोटर दोन्हींवर धावताना दाखवीन, आणि एलईडी लावलेली सुटी मोटरही हातात देईन. दुपारी तीननंतर आले तर बरं, सकाळी मी बहुधा कुणाच्या तरी मशीनपाशी असते. गणपतीपर्यंत तर रोजच.

आपली,
एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे (प.)